सनावळ्या पाठ नको, वापरा

इतिहासाचं पुस्तक उघडलं की पोरं आधी सनावळ्यांच्या नावानं बोटं मोडतात. हल्ली शिक्षकही 'सनावळ्या कमी करा' म्हणू लागलेत. मला ते पटत नाही. सन घोकून घेणं वाईटच. पण सन हत्यारासारखा वापरता येतो, आणि ते शिकवायला देवगड तालुक्यातल्या शाळांच्या हाताशी विजयदुर्ग आहे.

किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी इथून सूर्य न्याहाळला आणि हेलियम शोधला, असं सांगतात. हे विधान नववीच्या वर्गापुढे ठेवायचं आणि एवढंच विचारायचं, कशावरून?

ग्रहण खरं होतं. सावलीचा पट्टा दक्षिण कोकणावरून विजापूर, गुंटूरकडे गेला. गुंटूरला फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून दाखवणारं उपकरण, लावून बसले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या प्रकाशात त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्या इतक्या ठळक होत्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पुन्हा पाहिल्या. लॉकयर यांनी तेच, ग्रहणाविना, २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडमध्ये केलं. सोडियमच्या पिवळ्या जोडरेषेच्या शेजारी, पण तिच्याशी न जुळणारी, ५८७.६ नॅनोमीटरची एक रेषा होती; पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याची ती नव्हती. तीच हेलियमची. खुद्द वायू पृथ्वीवर सापडला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅमझे यांना.

इथे वर्गातलं एखादं चलाख पोर हात वर करेल: "सर, ऑगस्टात विजयदुर्गाला आणि ऑक्टोबरात घरी, असं का नाही? मधे दोन महिने आहेत." प्रश्न चोख आहे. सुएझ कालवा १८६९ चा, तरी सुएझपर्यंत बोटीनं, तिथून इजिप्त जमिनीवरून ओलांडून आणि पुढे पुन्हा बोटीनं प्रवास करून महिन्याभरात विलायत गाठता येई. नुसत्या अंतरावर निकाल लागत नाही. निकाल लावतं उपकरण: लॉकयर यांनी मागवलेला वर्णपटदर्शक रखडला होता, तो त्यांच्या हाती पडला १६ ऑक्टोबर १८६८ ला. त्याआधी तो घेऊन कोकणात येणं शक्यच नव्हतं.

मग दंतकथा आली कुठून? लॉकयर विजयदुर्गाला खरोखरच आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरच्या खलाशांनाही त्यांनी निरीक्षणाला जुंपलं होतं. तीस वर्षांच्या अंतरानं घडलेल्या दोन गोष्टी लोकांच्या तोंडी एक झाल्या असाव्यात, असं माझं मत. गावाच्या अभिमानाला यानं धक्का लागतो असंही नाही; त्या काळी मान्यवर शास्त्रज्ञानं निरीक्षणासाठी विजयदुर्ग निवडावा, हे काय थोडं झालं?

वर्गात 'कशावरून?' हे विचारणं इतकं अवघड का जातं, याचा एक अभ्यास आहे. अमेरिकी शिक्षण-संशोधक सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ मध्ये आठ इतिहासकार आणि आठ हुशार शाळकरी मुलांना एकाच लढाईचे परस्परविरोधी कागद वाचायला दिले आणि वाचताना मोठ्यानं विचार करायला सांगितलं. इतिहासकार मजकुराआधी तळाशी जाऊन पाहत: कोणी लिहिलं, कधी? मुलं पहिल्या ओळीपासून सरळ वाचत सुटली. सर्वांत विश्वासार्ह काय वाटलं? त्यांच्या मते, पाठ्यपुस्तकातला उतारा! इतिहासकारांनी त्याला फारसा भाव दिला नाही. मुलांकडे माहिती कमी नव्हती. कागदाला उलटतपासणी करायची असते, हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्याकडे ते परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून शिकवतही नाहीत. पण एका तासिकेचं काम आहे. मुलांना चार तारखा द्या, ऑगस्ट १८६८, ऑक्टोबर १८६८, १८९५, १८९८, आणि किल्ल्यावरची गोष्ट त्यांनाच तपासू द्या. कट्टे नक्की १८९८ चेच का, हा पुढचा तास. त्या मोहिमेचा अहवाल रॉयल सोसायटीनं छापला आहे. त्यातलं निरीक्षणाच्या जागेचं वर्णन आणि प्रत्यक्ष जागा ताडून पाहायला सहलीला मोजपट्टी न्यावी लागेल.