दीनदयाळ कार्ड, रेफर चिठ्ठी आणि १०८: गोव्यात घराजवळच्या इस्पितळात वेळेवर उपचार कसे मिळवायचे

आमच्या वाड्यावर जवळजवळ प्रत्येक घरात कपाटाच्या वरच्या खणात एक प्लॅस्टिकची पिशवी असते. त्यात जुने एक्स-रे, दहा वर्षांपूर्वीचे केसपेपर, कुठल्याशा शिबिरात दिलेला चष्म्याचा नंबर आणि घडी करून करून मधोमध फाटलेले रेशन कार्ड. रात्री कुणाला दाखल करायची वेळ आली की ती पिशवी खाटेवर उपडी केली जाते आणि हवा तो एकच कागद सोडून बाकी सगळे सापडतात. गेली काही वर्षे शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर सत्तरी-डिचोलीच्या इस्पितळांत इतक्या खेपा झाल्या की त्या पिशवीत काय असायला हवे हे आता मला पाठ झाले आहे. तेच इथे लिहितो.

आधी कुठे जायचे ते. कुणाचे काहीही दुखले की गाडी काढून थेट बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, न्यायची सवय आपल्याला आहे. खोकला असला तरी बांबोळी, गुडघा दुखला तरी बांबोळी. मग तिथे सकाळपासून रांग, आणि दुपारी डॉक्टर सांगतात की ह्या गोळ्या तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळाल्या असत्या. सरकारी रचना खालून वर जाते: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, मग सामाजिक आरोग्य केंद्र, त्यावर उपजिल्हा व जिल्हा इस्पितळ, आणि शेवटी गोमेकॉ. राष्ट्रीय निकषांप्रमाणे सामाजिक आरोग्य केंद्र म्हणजे ३० खाटांचे छोटे इस्पितळच असते. मेडिसिन, शस्त्रक्रिया, स्त्रीरोग व प्रसूती आणि बालरोग ह्यांचे तज्ज्ञ तिथे असावेत अशी अपेक्षा असते. वाळपई, डिचोली, पेडणे, काणकोण, कुडचडे ह्या भागांतल्या लोकांना ही पायरी घराजवळ आहे. फोंडा आणि चिखली इथे उपजिल्हा इस्पितळे आहेत. म्हापशाला उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ, ज्याला जुनी माणसे अजून आझिलोच म्हणतात, आणि मडगावला दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ, जे अनेकांच्या तोंडी अजून हॉस्पिसियो आहे. तज्ज्ञ कुठल्या वारी बसतात हे मात्र केंद्राकेंद्रावर बदलते. ते फळ्यावर लिहिलेले असते. मोबाईलवर त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकून ठेवा, एक हेलपाटा नक्की वाचतो.

आता ज्या वेळी कुठलाही कागद शोधत बसायचे नाही ती वेळ. छातीत दुखणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, साप चावणे, अपघात, बाळंतपणात रक्तस्राव: ह्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन, बाकी सगळे नंतर. गोव्यात ही सेवा २००८ पासून आहे आणि ती मोफत आहे. फोनवर पत्ता सांगताना तालुका, गाव, वाडा आणि जवळचे देऊळ किंवा शाळा ह्या क्रमाने सांगा. 'आमच्या घराकडे या' असे ओरडणारे मी ऐकले आहेत. एकाला वाटेवर बॅटरी घेऊन उभा करा.

छातीत दुखण्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण इथे घराजवळच्या केंद्राचा उपयोग लोकांना माहीत नसतो. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर जितका वेळ जातो तितका हृदयाचा स्नायू मरत जातो. २०१८ च्या अखेरीस गोव्यात ह्यासाठी खास प्रकल्प सुरू झाला. जवळच्या सरकारी केंद्रात ईसीजी काढतात, तो लगेच तज्ज्ञांकडे पाठवला जातो आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तिथेच, पैसे न घेता, देतात. पुढे गोमेकॉत किंवा जिल्हा इस्पितळात हलवणे त्यानंतर. म्हणजे वाळपईहून बांबोळीपर्यंतचा तासाभराहून जास्त वेळ रिकामा जात नाही. 'ॲसिडिटी असेल, सोडा पी' म्हणून रात्र काढण्यापेक्षा केंद्रात जाऊन ईसीजी साधा निघालेला बरा.

साप चावला तर बांधाबांध, चिरणे, चोखणे काही करू नका. अंगठी, बांगड्या काढा, हात-पाय हलू देऊ नका, आणि इस्पितळ गाठा. आमच्या सत्तरीत अजून एक गोष्ट: काजूच्या हंगामात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना रानात गेला होता हे आपणहून सांगा. माकडतापाचे रुग्ण इथे २०१५ पासून सापडले आहेत आणि तो गोचिडीमुळे होतो. डॉक्टरला रान माहीत नसेल तर तो साधा व्हायरल समजून गोळ्या देईल.

रस्ता अपघाताचे दोन नियम लोकांना क्वचितच ठाऊक असतात. जखमीला इस्पितळात पोचवणाऱ्याला नाव-गाव सांगायची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने तसे संरक्षण दिले आहे. आणि मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत अपघातग्रस्ताला नेमलेल्या इस्पितळात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, १.५ लाख रुपयांच्या मर्यादेत, विना-पैसे उपचार मिळू शकतात. त्यासाठी पोलिसांत नोंद लागते, तेव्हा 'आपसात मिटवू' म्हणून नोंद टाळू नका.

आता पिशवीकडे वळू. पहिले कार्ड दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे. ही गोवा सरकारची योजना २०१६ मध्ये आली. गोव्यात किमान ५ वर्षे राहिलेले कुटुंब पात्र असते. उत्पन्नाची अट नाही, पण सरकारी नोकर ह्यात येत नाहीत, कारण त्यांना वैद्यकीय खर्चाची वेगळी सोय आहे. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि चार किंवा जास्त माणसांना ४ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. नोंदणीचे शुल्क अनुक्रमे २०० आणि ३०० रुपये ठरले होते. ही रक्कम पूर्ण कुटुंबाची आहे, प्रत्येक डोक्याची नाही. इस्पितळात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी ती वापरता येते. योजना आली तेव्हा त्या यादीत ४४७ उपचार होते. ओपीडीतल्या सर्दी-तापाची गोळी किंवा मेडिकल स्टोअरचे बिल त्यात शोधू नका.

'सरकारी इस्पितळात फुकटच होते, मग कार्ड कशाला' हा प्रश्न मला दर वेळी विचारतात. कार्डावर योजनेतल्या खासगी इस्पितळातही पैसे न भरता उपचार होऊ शकतात, आणि दाखल होताना कार्ड आहे का हे सरकारी इस्पितळातही विचारतात. आजारी पडल्यावर कार्ड काढायला धावणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

अर्जाला सोबत न्यायचे ते असे: कुटुंबातल्या सगळ्यांची आधार कार्डे, मुलांचे जन्मदाखले, ५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा, आणि चालू मोबाईल नंबर. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणि अस्सल कागद दाखवायला. शक्य असेल तर घरातली सगळी माणसे एकदमच न्या, फोटो तिथेच काढतात. वास्तव्याच्या पुराव्यासाठी मामलेदार कचेरीचा रहिवासी दाखला सगळ्यांत पक्का. त्याचा अर्ज सरकारच्या गोवा ऑनलाईन ह्या संकेतस्थळावरूनही करता येतो. मतदार कार्ड, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या ह्यांतले जे असेल ते जोडा. भाड्याने राहणाऱ्यांची इथे खरी दमछाक होते, कारण घरमालक वीजबिलाची झेरॉक्स द्यायलाही कां-कूं करतो. मुलांचा शाळेचा सलग पाच वर्षांचा दाखला अशा वेळी मदतीला येतो.

सगळ्यांत जास्त अर्ज अडतात ते नावापाशी. हा गोव्याचा खास रोग आहे. आमच्या वाड्यावरच्या एका आजींचे उदाहरण सांगतो. पोर्तुगीज काळातल्या जन्माच्या नोंदीत त्यांच्या वडिलांचे आडनाव 'नाईक' पोर्तुगीज पद्धतीने, शेवटी क्यू-यू-ई लावून लिहिलेले. शाळेच्या दाखल्यात तेच साध्या 'के'ने. लग्नात नाव बदलले, रेशन कार्डावर सासरचे नाव, आधारवर सासरचे नाव पण स्पेलिंग तिसरेच. खिडकीवरच्या मुलीने चारही कागद पुढ्यात मांडले, एकदा कागदांकडे पाहिले, एकदा आजींकडे, आणि हळूच म्हणाली, "आजी, ह्या चौघी कोण?" आजी हसल्या, पण काम त्या दिवशी झाले नाही.

उपाय आहे. सगळी नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्यायचे. त्यात प्रत्येक नाव ज्या कागदावर जसे आहे तसेच, अक्षरन् अक्षर उतरवायचे. मोघम 'उर्फ' लिहून भागत नाही. लग्नाचा दाखला जोडायचा. आणि जमले तर आधारवरचे नाव एकदाच नीट करून घ्यायचे, कारण पुढचे प्रत्येक कार्ड आधारवरूनच निघते. आजींचे कार्ड दुसऱ्या खेपेला झाले.

कार्ड काढून विसरू नका. त्याची मुदत असते, नूतनीकरण करावे लागते. आमच्याच घरात एकदा मुदत संपलेले कार्ड घेऊन आम्ही एका इस्पितळाच्या खिडकीवर उभे होतो. चूक आमचीच होती. तेव्हापासून घरपट्टी भरायच्या महिन्यातच कार्डाची तारीख बघायची असे ठरवले आहे. घरात बाळ आले किंवा सून आली की तेही नाव चढवून घ्या.

घरात ७० वर्षांवरचे कुणी असेल तर दुसरे कार्ड काढा: आयुष्मान वय वंदना. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने ७० व त्यावरील सगळ्यांना, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण दिले आहे. घरात नवरा-बायको दोघेही सत्तरीवरचे असतील तर ५ लाख दोघांत मिळून. आधीपासूनचा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार चालतो, थांबायचा काळ नाही. खासगी विमा असलेलेही पात्र आहेत. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतल्यांना किंवा माजी सैनिकांच्या योजनेतल्यांना मात्र दोन्हींतले एक निवडावे लागते. कागद एकच, आधार. वयही त्यावरूनच धरतात, तेव्हा आधारवर जन्मसाल चुकले असेल तर आधी ते. काम आयुष्मान ॲपवर घरीही होते. मोबाईल आधारला जोडलेला असला की ओटीपी येतो आणि संपते. काजू-सुपारीच्या कामाने म्हाताऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, अंगठा उमटत नाही. तेव्हा हटून बसू नका, ओटीपी किंवा चेहऱ्याची ओळख हा पर्याय मागा. शंका असेल तर १४५५५ हा क्रमांक आहे. इस्पितळात दोन्ही कार्डे पुढे करा. कुठला उपचार कुठल्या कार्डावर बसतो ते खिडकीवाले बघतात. ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला आधी मंजुरी लागते, ती आली की नाही हे दाखल होण्यापूर्वी विचारून घ्या.

बाळंतपणाला ह्यांतले काही लागत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून, सरकारी इस्पितळात नॉर्मल असो की सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, न्यायची-आणायची गाडी सगळे मोफत आहे. बाळ वर्षाचे होईपर्यंत त्याच्या आजारपणालाही ते लागू आहे. फक्त दिवस राहिल्याबरोबर उपकेंद्रात नाव नोंदवा आणि माता-बाल कार्ड हाताशी ठेवा. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची खास तपासणी असते. इस्पितळातून घरी येण्याआधी जन्मनोंदणीत आई-बापाची नावे आधारप्रमाणेच लिहिली आहेत ना, हे बघा. नाहीतर साठ वर्षांनी त्या मुलीलाही कुणीतरी विचारेल, ह्या चौघी कोण.

जे उपचार गोमेकॉत होत नाहीत त्यांच्यासाठी आरोग्य संचालनालयाची मेडिक्लेम योजना वेगळी आहे. तिला गोमेकॉचे तसे पत्र, उत्पन्नाचा दाखला आणि दीर्घ वास्तव्याचा पुरावा लागतो. अर्ज उपचाराआधी करायचा असतो. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीकडच्या पाहुण्यांसाठी एक सूचना: जानेवारी २०१८ पासून गोमेकॉत परराज्यातल्या रुग्णांना शुल्क आहे. आपल्या राज्याची कार्डे बरोबर आणा आणि कुठले चालते ते खिडकीवर पहिल्यांदा विचारा.

रेफर चिठ्ठी हा ह्या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित कागद. खालच्या केंद्रातून वर पाठवताना डॉक्टर ती देतात. त्यात काय झाले, कोणते औषध किती वाजता दिले, ईसीजी कसा होता हे असते. वरच्या डॉक्टरला ती मिळाली की तेच सगळे पुन्हा सुरू होत नाही. आपल्याकडे ती रुग्णवाहिकेत उशीखाली राहते. ती नातेवाइकाच्या खिशात हवी, आणि निघण्यापूर्वी तिचा फोटो मोबाईलमध्ये.

डिस्चार्ज कार्डाचेही तसेच. घरी सोडताना त्यावर टाके कधी काढायचे, ड्रेसिंग किती दिवसांनी, पुढची तारीख कोणती हे लिहून मागा. मग विचारा: हे आमच्या केंद्रात होईल का? बहुतेक वेळा हो म्हणतात. टाके काढणे, ड्रेसिंग, इंजेक्शने, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या ह्यासाठी बांबोळीला जायची गरज नसते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागणाऱ्यांनी तर जवळच्या सामाजिक आरोग्य केंद्रात सोय आहे का हे आवर्जून विचारावे. आमच्या शेजारी महिनाभर टॅक्सीने ये-जा करत होते, तोवर कुणी त्यांना सांगितलेच नव्हते. आता ते सकाळच्या कदंब बसने जातात आणि जेवायच्या वेळेला घरी असतात.