रानातली अळिंबी दाखवायला आणताय? आधी हे वाचा

आम्ही अळिंबीचं बियाणं विकतो. पण पाऊस सुरू झाला की बियाण्यापेक्षा फोटोच जास्त येतात. 'ही खाल्ली तर चालेल का?' फोटो पाहून आम्ही कधीच हो म्हणत नाही. बहुतेक फोटो वरून काढलेले असतात आणि अळिंबीची ओळख दडलेली असते मातीत.

म्हणून दांडा मोडून आणू नका, मातीसकट उकरून आणा. बुडाशी फाटक्या अंड्यासारखी पांढरी पिशवी, दांड्यावर झालर आणि टोपीखाली पांढऱ्या पट्ट्या असं एकत्र दिसलं, तर ती अमानिटा कुळातली धरा. जीवघेणी डेथ कॅप याच कुळातली. पिशवी पेंढ्यावरच्या अळिंबीलाही असते, पण तिला झालर नसते आणि पट्ट्या पुढे गुलाबी होतात. कोवळेपणी मात्र दोन्ही अंड्यासारख्या बंद असतात. म्हणून जमिनीवरचा कुठलाही गोळा उभा चिरून पाहा. पफबॉल, म्हणजे चेंडूसारखी गोल अळिंबी, कोवळेपणी आतून सगळीकडे सारखीच पांढरी असते. आत चिमुकल्या छत्रीची आकृती उमटलेली दिसली, तर टाकून द्या.

ठसाही घ्या, म्हणजे पट्ट्यांतून गळणाऱ्या बीजाणूंच्या भुकटीचा रंग पाहा. टोपी कापून, पट्ट्या खाली करून काचेवर ठेवा आणि वर वाटी पालथी घाला. सकाळी काचेवर बारीक भुकटी पडलेली असते. काचच बरी, कारण पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही. अमानिटाचा ठसा पांढरा, पेंढ्यावरचीचा गुलाबी, बटण अळिंबीच्या नातलगांचा चॉकलेटी. हिरवट आला तर ती क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. गवतात उगवते, दिसायला देखणी, पण वांत्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. कोवळेपणी हिच्या पट्ट्या पांढऱ्याच असल्याने भलेभले फसतात. ठसा जुळला म्हणजे खायला हरकत नाही, असं मात्र नव्हे.

विषारी अळिंबीने चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण रंग बदलतो, किड्यांनी खाल्लेली बिनधोक असते, हे सगळं सोडून द्या. गोगलगाय डेथ कॅपही खुशाल कुरतडते. डेथ कॅपचं विष उकळून जात नाही, वाळवूनही नाही. त्रास बहुधा 6 ते 24 तासांनी सुरू होतो, मग थोडं बरं वाटतं आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. शंका आली की त्रासाची वाट न बघता दवाखाना गाठा. उरलेली अळिंबी, शिजवलेली असली तरी, सोबत न्या.

आमच्याकडे आणताना प्रत्येक अळिंबी वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये तिचा चिखल होतो. कशाच्या बुडाशी उगवली तेही सांगा. आम्ही कूळ सांगू. 'खा' असं कुणालाच सांगणार नाही.