डायवर्शन झालं म्हणजे कॉलोनी मंजूर झाली का? इंदूरच्या गावांतल्या ले-आउट मंजुरीची पार्श्वभूमी

खंडवा रोड, सांवेर रोड, देपालपूरकडचा पट्टा, बायपासपलीकडची गावं. इंदूरभोवतीच्या एखाद्या शेतात आखणीचे दगड पुरले गेले की घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डायवर्शन झालंय ना?" म्हणजे शेतजमिनीचा वापर बदलल्याची नोंद झाली आहे ना. विकणारा पावती पुढे करतो आणि बहुतेकांची चौकशी तिथेच संपते. पुण्या-नाशकाच्या नातेवाइकांना सांगताना आपण "म्हणजे तुमच्याकडचं एनए" म्हणतो, त्याने घोळ आणखी वाढतो. कायद्याने डायवर्शनला कधीच एवढा अर्थ दिलेला नव्हता, आणि २०१८ नंतर तर फारच थोडा उरला आहे. गावातल्या प्रस्तावित कॉलोनीची तपासणी कुठे सुरू होते आणि कुठे अडते, हे कळायचं तर आधी हा शब्द सोडवून घ्यायला हवा.

फार मागे जाऊन हाती थोडंच लागतं. इंदूर मुळात कंपेल परगण्यातलं गाव. १९१८ मध्ये एका स्कॉटिश नगररचनाकाराने होळकर दरबाराला मोठा अहवाल दिला, पण तो शहराचा, नदीकाठांचा आणि मोहल्ल्यांचा. भोवतालची शेती सरकारदरबारी साऱ्यापुरतीच दिसत होती. १९४८ मध्ये मध्य भारत झाला, १९५० च्या कायद्याने इथला शेतकरी 'पक्का कृषक' ठरला, आणि मध्य प्रदेश झाल्यावर १९५९ च्या भू-राजस्व संहितेने त्यालाच 'भूमिस्वामी' केलं. जुन्या खसऱ्यांत, म्हणजे शेतांच्या महसुली नोंदीत, 'पक्का कृषक' दिसला तर दचकायचं कारण नाही; हक्क तोच पुढे आला आहे.

याच १९५९ च्या संहितेत डायवर्शनचं, म्हणजे कागदी भाषेत व्यपवर्तनाचं, मूळ आहे. कलम ५९ सांगतं की जमिनीवरचा सारा तिच्या वापरानुसार ठरेल: शेतीला वेगळा, घराला वेगळा, कारखान्याला वेगळा. वापर बदलला की आकारणी बदलायची आणि प्रीमियम भरायचा. हा झाला कराचा भाग. परवानगीचा भाग होता कलम १७२ मध्ये. शहरी हद्द, तिच्या बाहेरचा ५ मैलांचा पट्टा आणि २,००० किंवा अधिक वस्तीची गावं, इथल्या भूमिस्वामीला जमिनीचा वापर बदलण्याआधी एसडीओकडे, म्हणजे उपविभागीय महसूल अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा लागे. एसडीओला नाही म्हणायला दोनच कारणं होती: सार्वजनिक उपद्रव होईल, किंवा अर्जदार घातलेल्या अटी पाळू शकत नाही वा पाळू इच्छित नाही. अटी घालायच्या त्या आरोग्य, सुरक्षितता आणि लोकांची सोय यांसाठी. तीन महिन्यांत निर्णय आला नाही आणि लेखी आठवण देऊनही पुढच्या ठरलेल्या मुदतीत तो आला नाही, तर परवानगी मिळाली असं धरलं जाई.

हे कलम नीट वाचलं तर दिसतं की त्यात घराचा, कोठाराचा, गिरणीचा विचार होता. शंभर प्लॉट पाडून शंभर जणांना विकण्याचा नव्हता. रस्ता किती रुंद, पावसाचं पाणी कुठे जाणार, बाग कुठे, यातलं एसडीओने विचारायचं तर ते 'लोकांची सोय' या दोन शब्दांत बसवूनच. तरी विचारायला जागा होती. जुन्या डायवर्शन आदेशांत नाल्यापासून अंतर सोडा, वहिवाटीचा रस्ता अडवू नका, अशा अटी सापडतात त्या याच शब्दांच्या आधारावर.

२०१८ च्या दुरुस्तीने कलम १७२ काढून टाकलं आणि ती २५ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाली. आता भूमिस्वामी स्वतःच प्रीमियम आणि नवा सारा मोजतो, रक्कम भरतो आणि एसडीओला कळवतो. एका मजली घरासाठी वर्षभर तहसिलीचे उंबरे झिजवणाऱ्याला यातून खरा दिलासा मिळाला, हे मान्य करायलाच हवं. पण प्लॉट पाडणाऱ्यालाही तीच पावती तेवढ्याच सहज मिळू लागली. पावतीवर काय असतं ते पाहावं: गाव, पटवारी हलका (पटवाऱ्याचा भाग), खसरा नंबर, रकबा (क्षेत्रफळ), आधीचा वापर, नवा वापर, भरलेली रक्कम. ले-आउट नाही, रस्ता नाही, प्लॉटांची संख्या नाही. 'आवासीय' हा शब्द मात्र ठळक असतो आणि घेणाऱ्याची नजर त्याच शब्दावर ठरते. ती सारा भरल्याची पावती आहे. दुसऱ्या कुठल्याही कायद्यातून ती सूट देत नाही. माझ्या मते १७२ काढताना एका भूमिस्वामीचं घर आणि विक्रीची कॉलोनी यांत रेघ ओढायला हवी होती. ती ओढली नाही, म्हणून हा सगळा भार बाकीच्या दोन परवानग्यांवर आला.

पहिली नगर तथा ग्राम निवेश खात्याची, जिला सगळे टीएनसीपी म्हणतात. १९७३ चा अधिनियम आला तेव्हा महसुली संहिता तशीच ठेवून तिच्या शेजारी दुसरी चौकट उभी केली गेली. निवेश क्षेत्र, म्हणजे नियोजनाखाली घ्यायचा भाग, जाहीर करायचं, सध्याच्या वापराचा नकाशा काढायचा, मग विकास आराखडा करायचा, आणि कलम २९ खाली आलेला अर्ज त्या आराखड्याशी ताडून पाहायचा. इथे प्रश्न साऱ्याचा नसतो, जागेचा असतो: या खसऱ्यावर आराखड्यात काय दाखवलंय? शेती दाखवली असेल तर डायवर्शनची पावती असूनही कॉलोनीचा ले-आउट निघत नाही. हे दोन कागद एकमेकांशी बोलत नाहीत, आणि अर्धे वाद इथूनच सुरू होतात. परवानगी मिळाली तरी ती तीन वर्षांची. दरसाल वाढवत नेली तरी एकूण पाच वर्षांपलीकडे नाही. मधे काम थांबलेल्या कॉलोनीत मुदत संपलेला नकाशा दाखवून प्लॉट विकले जातात, म्हणून नकाशावरच्या शिक्क्याइतकीच त्याची तारीखही वाचावी.

दुसरी परवानगी कॉलोनी विकासाची. गावांसाठी ती १९९३ च्या पंचायत राज अधिनियमातल्या कलम ६१-क पासूनच्या तरतुदींतून येते. त्यावर आधी १९९९ चे आणि मग २०१४ चे नियम झाले. नाव ग्रामपंचायतीचं असलं तरी फाईल महसूल अधिकाऱ्यांकडे चालते. इंदुरात त्यासाठी जिल्हा कचेरीत कॉलोनी सेल आहे. सरपंचाचं ना-हरकत पत्र म्हणजे ही परवानगी नव्हे. पंचायत घर बांधायला परवानगी देते, कॉलोनी वसवायला नाही. बिनपरवानगी कॉलोनी वसवण्याला याच अधिनियमात ३ ते ७ वर्षं कैदेची तरतूद आहे.

तपासणीत काय पाहतात ते एका आकड्यावर मांडलं की कारणं आपोआप कळतात. २ हेक्टर जमीन घ्या, माळव्याच्या ढोबळ हिशोबाने आठेक बिघे. म्हणजे २०,००० चौरस मीटर. भूमी विकास नियमांप्रमाणे १० टक्के खुली जागा, म्हणजे २,०००. रस्ते नीट आखले तर २५ ते ३० टक्के जातात. पाण्याची टाकी, ट्रान्सफॉर्मर, सांडपाण्याची व्यवस्था वगळून प्लॉटांना १२,००० च्या आसपास उरतात. २० बाय ५० फुटांचे, म्हणजे ९३ चौरस मीटरचे, साधारण १३० प्लॉट झाले. त्यातले एक चतुर्थांश, ३२ च्या घरात, विकासकामांच्या हमीसाठी गहाण राहतात; मंजूर ले-आउटवर ते वेगळ्या रंगाने किंवा रेघांनी दाखवलेले असतात. रस्ते, गटार, पाणी, वीज पूर्ण झाल्याचा दाखला मिळेपर्यंत ते विकता येत नाहीत. दुर्बल घटकांसाठी भूखंड ठेवावे लागतात किंवा आश्रय शुल्क भरावं लागतं. आता हीच जमीन परवानगीशिवाय पाडा: बाग नाही, १५ फुटी गल्ल्या, रस्त्याला १५ टक्के. १८० च्या वर प्लॉट निघतात आणि गहाण एकही नाही. हे जास्तीचे पन्नास प्लॉट हीच अवैध कॉलोनीची कमाई, आणि ती येते पुढच्या पन्नास वर्षांच्या रस्त्यातून आणि गटारातून.

बिनपरवानगी प्लॉटची रजिस्ट्री ओळखता येते. तिच्यात प्लॉट नंबर नसतो. 'कृषी भूमीचा अविभाजित हिस्सा, ०.००९ हेक्टर' असं लिहिलेलं असतं. हजार चौरस फूट म्हणजे ०.००९३ हेक्टर, तोच हा आकडा. नामांतरण झालं तर खसऱ्यात एका नंबरापुढे साठ-सत्तर खातेदारांची रांग लागते. नकाशावर बटांकन, म्हणजे प्रत्येक तुकड्याला वेगळा उपनंबर देणं, होत नाही, कारण तोडायला मंजूर रस्ताच नाही. मग एकाला सीमांकन हवं असेल तर बाकी सगळ्यांना नोटिसा काढाव्या लागतात. काही गावांत मोजणी ज्यावरून सुरू करायची ते चांदे, म्हणजे खुणेचे दगडच, शेत सपाट करताना उखडलेले असतात, आणि पटवाऱ्याला दुसऱ्या शिवेवरून माप आणावं लागतं. म्हणून ले-आउटचा अर्ज करण्याआधी सीमांकन करून घेणं हा सल्ला नसून पहिली पायरी आहे. सीमांकनात रकबा कमी निघाला तर सगळा ले-आउट पुन्हा काढावा लागतो.

इंदूरचा आणखी एक खास शब्द आहे: डायरी. मंजुरीच्या आधीच प्लॉट नोंदायचा, रक्कम डायरीत किंवा साध्या चिठ्ठीवर लिहायची, आणि भाव वाढला की तीच डायरी पुढच्याला द्यायची. एक प्लॉट रजिस्ट्रीआधी तीन-चार हात फिरतो. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या, कायद्याने यावर थेट बोट ठेवलं. १ मे २०१७ पासून ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या प्रकल्पाची नोंदणीआधी जाहिरातही करता येत नाही. नोंदवलेल्या कराराशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशांतला ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. डायरीवाल्याकडे यातलं काहीच नसतं. नकाशात फेरफार होऊन त्याचा प्लॉट बागेत किंवा गहाण यादीत गेला, तर हातात दाखवायला कागदही उरत नाही.

अवैध कॉलोन्या वैध करण्याचा इतिहास याच्याच जोडीने चालतो, पण तो मुख्यतः शहरी हद्दीचा. शहरी कॉलोन्यांच्या १९९८ च्या नियमांतलं, अवैध कॉलोन्या वैध करू देणारं १५-क हे कलम उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केलं. २०२१ मध्ये कायद्यातच दुरुस्ती करून ३१ डिसेंबर २०१६ पर्यंतच्या कॉलोन्यांना वाट काढून दिली. २०२३ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत पुढे नेण्याची घोषणा झाली. तारीख एकदा सरकली की ती पुन्हा सरकेल असं गृहीत धरूनच शहराच्या कडेची शेतं पाडली जातात. २०१४ मध्ये २९ गावं महापालिकेत आली तेव्हा पंचायतीच्या नियमांखाली सुरू झालेल्या फायली अर्ध्या वाटेवर हद्द बदलून दुसऱ्या नियमांखाली गेल्या. ज्यांचा विकास पूर्ण झाल्याचा दाखला नव्हता, त्या कॉलोन्यांच्या रहिवाशांना आजही रस्त्यासाठी कुणाकडे जायचं हा प्रश्न पडतो.

जमिनीचाही एक मुद्दा आहे, जो कागदावर कमी दिसतो. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरुमाचा जाड थर न देता केलेला रस्ता दोन पावसाळ्यांत खचतो. या मातीत पाणी मुरत नाही, त्यामुळे प्रत्येक घराचा शोषखड्डा जुलैमध्ये उलटा वाहू लागतो. ले-आउट तपासताना जमिनीचा उतार आणि नाल्याची रेघ टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने केलेल्या सर्व्हेवर दाखवलेली आहे का, हे पाहण्याचं कारण हेच. शेतकरी पिढ्यान्पिढ्या जिथून पाणी काढून देत आला, तिथे खसऱ्यात नाला नोंदलेला असेलच असं नाही.

आता आराखड्याबद्दल. इंदूरचा पहिला विकास आराखडा १९७५ मध्ये लागू झाला, १९९१ सालापर्यंतचा. दुसरा, २०२१ पर्यंतचा, १ जानेवारी २००८ ला आला. मधल्या वर्षांत शहर थांबलं नव्हतं. जुन्या आराखड्यातली शेती आणि जागेवरची वस्ती यांतली दरी त्याच काळात रुंदावली. २०३५ च्या आराखड्यासाठी आणखी ७९ गावं निवेश क्षेत्रात घेतली गेली. क्षेत्रात नाव आलं पण ताडून पाहायला आराखडा नाही, अशी या गावांची अडचण आहे. आधीच्या वापराच्या नकाशावर शेत आहे, म्हणून ले-आउट अडतो. आणि ले-आउट अडतो म्हणून अविभाजित हिश्श्यांची विक्री वाढते.

गावकऱ्यांसाठी यात एक गोष्ट महत्त्वाची. कलम २९ खाली एखाद्या कॉलोनीचा अर्ज आला तर शेजारच्या शेतकऱ्याला बोलावून त्याचं ऐकण्याची पायरी त्या कायद्यात नाही. त्याला बोलायची जागा त्याच्याही आधी आहे, विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा: हरकती आणि सूचनांसाठी निदान ३० दिवस. त्या दिवसांत गावाच्या नावाने सर्वसाधारण निषेध पाठवून भागत नाही. खसरा नंबर, रकबा, मसुद्यात दाखवलेला वापर, जागेवर असलेला नाला किंवा वहिवाट, आणि नेमका कोणता बदल हवा, हे सोबत खसऱ्याची नक्कल आणि पटवारी नकाशा जोडून लिहून द्यावं लागतं, आणि पोचपावती घ्यावी लागते. मसुद्यात शेताचा रंग एकदा आवासीय झाला आणि आराखडा लागू झाला, की पुढच्या तपासणीत त्या शेतावर कॉलोनी असावी की नाही हा प्रश्न येत नाही. येतो तो रस्त्याच्या रुंदीचा आणि खुल्या जागेच्या टक्क्यांचा.