आतड्याचे अस्तर : उंचवट्यांवर शोषण, तळाशी निर्मिती

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, किंवा महाराष्ट्रातल्या कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयात, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना लहान आणि मोठ्या आतड्याच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखाव्या लागतात. दोन्ही काचपट्ट्या हिमॅटॉक्सिलिन व इओसिन या रंगद्रव्यांनी रंगवलेल्या असतात, त्यामुळे पेशींची केंद्रके निळसर जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. भिंतीचे चार थरही दोन्हींत त्याच क्रमाने असतात. ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे आतल्या पृष्ठभागावर उंचवटे आहेत की नाहीत. ही खूण केवळ परीक्षेपुरती उपयोगाची आहे असे मात्र नाही, कारण जुलाबात साखर-मिठाचे पाणी का लागू पडते आणि काही जणांना गहू का सोसत नाही, या प्रश्नांची उत्तरे त्या उंचवट्यांच्या रचनेत आहेत.

चार थरांची ओळख थोडक्यात करून घेऊ. सर्वांत आत श्लेष्मस्तर, त्याखाली रक्तवाहिन्या वाहून आणणारा अधःश्लेष्मस्तर, मग स्नायूंचा थर आणि सर्वांत बाहेर पातळ आवरण. स्नायूंच्या थरात आतले तंतू वर्तुळाकार आणि बाहेरचे लांबीच्या दिशेने असतात. या दोहोंच्या मध्ये, तसेच अधःश्लेष्मस्तरात, चेतापेशींची जाळी असते. त्यांना अनुक्रमे आउअरबाख आणि माइसनर या जर्मन संशोधकांची नावे आहेत. मेंदूकडून येणाऱ्या आज्ञेची वाट न पाहता आतड्याची हालचाल चालू राहते ती या जाळ्यांमुळे.

खरे वैविध्य श्लेष्मस्तरात आहे. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला आधी मोठ्या आडव्या वळ्या असतात आणि त्या वळ्यांवर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य रसांकुर असतात. सोलापुरी टॉवेलवरच्या सुताच्या उभ्या फाशांमुळे तो सपाट कापडापेक्षा कितीतरी अधिक पाणी टिपतो. रसांकुरांनीही पृष्ठभाग याच तत्त्वाने वाढतो, मात्र प्रत्येक रसांकुराच्या गाभ्यात केशवाहिन्यांचे जिवंत जाळे आणि मधोमध एक लसीकावाहिनी, म्हणजे लसीका हा द्रव वाहून नेणारी नलिका, असते. साखर आणि अमिनो आम्ले केशवाहिन्यांतून यकृताकडे जातात, तर पचलेल्या तेला-तुपातला बहुतांश मेद लसीकावाहिनीतून निघतो. रसांकुरावरील शोषक पेशीच्या माथ्यावर पुन्हा सुमारे एक मायक्रोमीटर उंचीचे हजारो सूक्ष्मांकुर असतात. या तिहेरी रचनेमुळे लहान आतड्याचे क्षेत्रफळ 200 ते 300 चौरस मीटर भरते, असे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे छापले जात होते. 2014 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी नव्याने मोजमाप केले तेव्हा ते 30 चौरस मीटरच्या आसपास निघाले. आकडा पुष्कळ खाली आला, तरी काही मीटर लांबीच्या अरुंद नळीच्या मानाने तोही थोडाथोडका नाही.

सूक्ष्मांकुरांच्या आवरणात पचनाची शेवटची पायरी पार पाडणारी विकरे रुतून बसलेली असतात. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी खाल्ली, तर तिच्यातील पिष्टाचे तुकडे लाळेतील आणि स्वादुपिंडातील विकरे करतात. त्या तुकड्यांपासून ग्लुकोज मात्र या सूक्ष्मांकुरांवरच सुटे होते आणि तिथल्या तिथे पेशीत घेतले जाते. दुधातील साखर फोडणारे लॅक्टेजही येथेच, रसांकुराच्या वरच्या भागातील परिपक्व पेशींवर असते. रोटाव्हायरससारखा विषाणू नेमक्या याच पेशी नष्ट करतो, म्हणून तशा जुलाबानंतर काही बाळांना थोडे दिवस दूध पचत नाही.

नष्ट झालेल्या पेशींची भरपाई खालून होते. रसांकुरांच्या पायथ्याशी अस्तर खोल जाऊन नळीसारखे खळगे तयार झालेले असतात. त्यांना क्रिप्ट म्हणतात आणि 18 व्या शतकातील लीबरक्यून या शरीररचनाकाराचे नाव त्यांना जोडलेले आहे. क्रिप्टच्या तळाशी मूलपेशी असतात. हान्स क्लेव्हर्स यांच्या नेदरलँड्समधील गटाने 2007 मध्ये एका विशिष्ट जनुकाच्या खुणेवरून त्या निश्चितपणे दाखवून दिल्या. या पेशी सतत विभागतात, त्यांच्या संतती वर सरकत सरकत परिपक्व होतात आणि तीन ते पाच दिवसांत रसांकुराच्या टोकावरून गळून पडतात. मूलपेशींच्या शेजारीच पानेथ पेशी असतात. त्यांच्यातील इओसिनने लालभडक रंगणाऱ्या कणांत जीवाणूंना मारणारी द्रव्ये असतात. ज्या जागी साऱ्या अस्तराचा उगम आहे, तिचे रक्षण करणाऱ्या पेशी तिला अगदी खेटून असाव्यात, हे मला या सगळ्या रचनेतले सर्वांत विलक्षण वाटते.

वर शोषण आणि खाली स्राव, अशी ही कामाची वाटणी आहे. आपल्या जिल्ह्यात पंढरपूरच्या यात्रांमध्ये एकेकाळी पटकीच्या साथी उसळत आणि माणसे काही तासांत दगावत. पटकीच्या जंतूचे विष पेशी मारत नाही. ते मुख्यतः क्रिप्टमधील पेशींना क्लोराइड बाहेर टाकायला लावते आणि त्यामागून पाणी ओढले जाते. परंतु रसांकुरांवरील पेशी शाबूत राहतात आणि सोडियम व ग्लुकोज जोडीने आत घेणारे त्यांचे प्रथिन काम करत राहते. म्हणूनच मीठ आणि साखर योग्य प्रमाणात घातलेले पाणी तोंडाने दिले, तर ते शोषले जाते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हे पाणी मोठ्या प्रमाणावर वापरून पटकीच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. नुसते साधे पाणी तितके का शोषले जात नाही, याचे कारण याच प्रथिनात आहे.

सीलिअ‍ॅक आजारात याच्या उलट घडते. गव्हातील ग्लुटेनमुळे रोगप्रतिकारक यंत्रणा चेतवली जाते, रसांकुर झिजून सपाट होतात आणि भरपाईसाठी क्रिप्ट लांबतात. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा तुकडा तपासला की हे स्पष्ट दिसते. ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे अशा रुग्णांना भाकरी चालते, परंतु गव्हाचे दळण झाल्यावर त्याच गिरणीतून ज्वारी दळून आणली, तर पिठात गहू मिसळतो आणि तेवढाही त्यांना बाधू शकतो. सोलापुरात भाकरी घरोघरी असल्यामुळे ही काळजी घेणे तुलनेने सोपे आहे आणि ती घ्यायलाच हवी.

मोठ्या आतड्याच्या काचपट्टीत रसांकुर नसतात. पृष्ठभाग सपाट असतो आणि त्यातून सरळ, समांतर, दाटीने बसलेले क्रिप्ट खाली उतरतात. दिवसभरात लहान आतड्यात आठ-नऊ लिटर द्रव येतो. त्यातला दीड लिटरच्या आसपास येथवर पोहोचतो आणि शेवटी मलातून 100 ते 200 मिलिलिटर बाहेर जातो. पाणी आणि क्षार शोषून घेण्यासाठी उंचवटे लागत नाहीत. येथे अधिक गरज असते ती बुळबुळीत श्लेष्माची, म्हणून तो स्रवणाऱ्या चषक पेशींचे प्रमाण लहान आतड्याच्या आरंभापासून गुदाशयापर्यंत वाढत जाते. या श्लेष्माचे दोन पदर असतात. बाहेरच्या सैल पदरात जीवाणू राहतात आणि पेशींना चिकटलेला आतला घट्ट पदर जवळजवळ जीवाणूविरहित असतो. ज्वारीतला न पचलेला तंतुमय भाग हे जीवाणू आंबवतात. त्यातून तयार होणारे ब्युटिरिक आम्ल मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन आहे.

विकृतिशास्त्राच्या तज्ज्ञाला मोठ्या आतड्याचा तुकडा तपासताना क्रिप्टची ही शिस्तच सर्वाधिक माहिती देते. दीर्घकाळ चाललेल्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दाहाच्या आजारात क्रिप्टना फाटे फुटतात, ते आखूड होतात आणि श्लेष्मस्तराच्याच तळाशी असलेल्या स्नायूंच्या पातळ थरापासून वर उचलले जातात. कर्करोगाकडे झुकलेल्या पॉलिपमध्ये, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या गाठीत, पेशींचे विभाजन तळाशी न राहता पृष्ठभागापर्यंत दिसू लागते. पानेथ पेशी मोठ्या आतड्याच्या केवळ सुरुवातीच्या, उजव्या बाजूच्या भागात थोड्याफार आढळतात, त्यामुळे डाव्या बाजूच्या तुकड्यात त्या सापडल्या, तर तेथे बराच काळ दाह चालू आहे असे तज्ज्ञ अनुमान काढतो.