जुन्या ग्राफिक्स कार्डावर जमीनच का बिघडते?

जुन्या कार्डावर गेम चालवला की माणसं, घरं, गाड्या नीट दिसतात आणि नेमकी जमीन बिघडते, असा अनुभव बऱ्याच जणांना येतो. कारण सरळ आहे. एखाद्या पात्राला दोन-तीन टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवायची चित्रं) पुरतात. जमिनीच्या एका पिक्सेलमध्ये मात्र गवत, माती, खडक, वाळू असे थर मिसळावे लागतात, तेच टेक्स्चर शेकडो वेळा पसरावं लागतं, आणि पायाखालच्या खड्यापासून दूरच्या डोंगरापर्यंत सगळं एकाच चित्रात बसवावं लागतं. कार्डाच्या बऱ्याच मर्यादा इथे एकदम आड येतात. त्यात जुनं कार्ड सहसा तक्रार करत नाही, निमूटपणे काहीतरी चुकीचं रंगवून मोकळं होतं. म्हणून सेटिंग अंदाजाने बदलत बसण्याआधी बिघाड दिसतो कसा, हे नीट बघावं.

सुरुवातीला कार्ड धड आहे ना, याची खात्री करून घ्यावी. स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडा. त्यात बिघाड नसेल तर दोष केबल, मॉनिटर किंवा कार्डाच्या आउटपुटचा. स्क्रीनशॉटमध्येही दिसत असेल आणि ठिपके-चौकटी दर वेळी वेगळ्याच जागी, अगदी मेनूतसुद्धा उमटत असतील तर व्हिडिओ मेमरीवर संशय घ्यावा. मेमरीचा क्लॉक 10 टक्क्यांनी उतरवून बघा. बिघाड कमी झाला तर शेडरमध्ये (कार्डावर चालून पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) डोकं घालण्यात अर्थ नाही. याउलट, त्याच टेकडीवर दर वेळी तोच डाग येत असेल तर दोष सॉफ्टवेअरचा. तो ड्रायव्हरचा की गेमचा, हे ठरवायला तोच देखावा सीपीयूवर रंगवून घ्यावा. विंडोजवर त्यासाठी वार्प आहे, लिनक्सवर एलएलव्हीएमपाइप. वेग गोगलगायीचा असतो, पण एक फ्रेम पुरते. तिथे चित्र बरोबर आलं तर बोट ड्रायव्हरकडे किंवा कार्डाच्या मर्यादेकडे जातं.

रंगावरून बरंच कळतं. युनिटी या गेम इंजिनात जमीन भडक गुलाबी झाली, किंवा अनरियल या दुसऱ्या इंजिनात तिच्या जागी करड्या चौकटी आल्या, तर शेडर तयारच झालेला नाही. सर्वात नेहमीचं कारण सॅम्पलरचा, म्हणजे शेडरला टेक्स्चर वाचायला मिळणाऱ्या जागांचा, हिशेब. चार थर, प्रत्येकाचं रंगाचं आणि नॉर्मलचं (उंचसखलपणा भासवणारं) टेक्स्चर मिळून 8, वर कोणता थर कुठे किती हे सांगणारा कंट्रोल मॅप 1, म्हणजे 9 झाले. आठ थर केले की कंट्रोल मॅप दोन लागतात आणि बेरीज 18 वर जाते. गेम आणि कार्ड यांना जोडणाऱ्या डायरेक्टथ्रीडी 9 या प्रणालीत पिक्सेल शेडरला 16 मिळतात, मोबाइलवरच्या ओपनजीएल ईएस 2 मध्ये तर हमी फक्त 8 ची. सावलीचा आणि लाइटमॅपचा (आधीच मोजून ठेवलेल्या प्रकाशाच्या टेक्स्चरचा) वाटा यातूनच जातो. अनरियलमध्ये टेक्स्चरचा सॅम्पलर सोर्स ‘शेअर्ड’ केला की डायरेक्टथ्रीडी 11 वर सुटका होते, कारण तिथे टेक्स्चर आणि सॅम्पलर वेगळे मोजले जातात. त्याहून जुन्या कार्डांवर ही युक्ती चालत नाही. तिथे थर कमी करणं किंवा काही थरांचे नॉर्मल काढून टाकणं, एवढंच हातात राहतं.

एखादा थर ठार काळा आला तर त्या टेक्स्चरचं माप बघा. ईएस 2 च्या बऱ्याच जुन्या चिप्स 1000 × 1000 चं टेक्स्चर पसरवून वापरू देत नाहीत. बाजू 512, 1024 अशी दोनच्या घातात हवी. नाहीतर कार्ड टेक्स्चर अपूर्ण समजून काळा रंग देतं, आणि लॉगमध्ये त्याची नोंद सापडेलच असं नाही.

आता सगळ्यात चकवणारा बिघाड. नकाशाच्या एका कोपऱ्यात जमीन स्वच्छ दिसते. दुसऱ्या टोकाला चालत गेलं की पायाखालचंच गवत चौकोनी होतं आणि कॅमेरा हलला की सरपटतं. लोक टेक्स्चरचं रिझोल्यूशन वाढवतात, फरक पडत नाही. कारण दोष आकड्यांच्या अचूकतेत आहे. माली-400 सारख्या मोबाइल चिपचा फ्रॅगमेंट शेडर (म्हणजेच पिक्सेल शेडर) 16 बिटी अपूर्णांकांत हिशेब करतो. त्यात 1 ते 2 या अंतरात 1024 पायऱ्या असतात, 2 ते 4 मध्येही तेवढ्याच, आणि 512 ते 1024 मध्येही तेवढ्याच. म्हणजे टेक्स्चर सहाशेव्यांदा पसरलं असेल तिथे एक पायरी 0.5 ची. आख्ख्या टेक्स्चरमधून वाचायला फक्त दोन जागा उरल्या!

उपाय असा. जमिनीचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याच्या यूव्हीमधून (टेक्स्चर कुठे वाचायचं हे सांगणाऱ्या आकड्यांमधून) पूर्णांक वजा करा. टेक्स्चर पुन्हा पुन्हा येणारंच असल्याने चित्रात फरक पडत नाही. शून्य तुकड्याच्या कोपऱ्यात न ठेवता मधोमध ठेवा: चार वेळा पसरणारा तुकडा -2 ते 2 मध्ये बसतो, सर्वात मोठी पायरी 1/1024 होते, आणि 512 पिक्सेलच्या टेक्स्चरला ती अर्ध्या पिक्सेलएवढी पडते. यूव्हीचा गुणाकार व्हर्टेक्स शेडरमध्येच (त्रिकोणांच्या कोपऱ्यांचा हिशेब करणाऱ्या शेडरमध्ये) उरका.

जमिनीवर जाळीसारख्या बारीक रेषा दिसल्या तर बहुतेक एकाच मोठ्या चित्रात सगळे थर मांडणारा अॅटलास वापरलेला असतो. टेक्स्चर अॅरे (थर सुटे ठेवणारी रास) ही सोय डायरेक्टथ्रीडी 10 पासूनची. त्याआधी सगळे थर एकाच मोठ्या चित्रात मांडत आणि यूव्हीचा अपूर्णांक भाग घेऊन हवा तो चौकोन वाचत. कार्ड पिक्सेल 2 × 2 च्या गटाने रंगवतं आणि शेजारच्या पिक्सेलच्या यूव्हीतला फरक पाहून मिपमॅपचा (टेक्स्चरच्या लहान होत जाणाऱ्या प्रतींचा) स्तर ठरवतं. चौकोनाच्या कडेला अपूर्णांक 0.99 वरून एकदम 0.01 वर उडी मारतो, कार्डाला वाटतं जमीन फार दूर आहे, आणि ते सगळ्यात लहान, सगळे थर एकत्र कालवलेला मिपमॅप उचलतं. तीच ती रेष. अपूर्णांक घेण्याआधीच्या यूव्हीवरून फरक काढून तो सॅम्पलिंगला हाताने दिला की रेष जाते. शेडर मॉडेल 3 मध्ये ही सोय आहे. शिवाय चौकोनाभोवती 16 पिक्सेलची पट्टी त्याच टेक्स्चरने भरा. ती चौथ्या मिप स्तरापर्यंत पुरते, पुढे शेजारचा रंग झिरपतो.

रस्ता, डबक्याची कड किंवा जमिनीवरचे डाग दूरवर लुकलुकत असतील तर टेक्स्चरला दोष देऊ नका, तो डेप्थ बफरचा (प्रत्येक पिक्सेलचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर साठवणाऱ्या मेमरीचा) खेळ आहे. एका पायरीची जाडी साधारण अंतराचा वर्ग भागिले (जवळची मर्यादा, म्हणजे नियर प्लेन, गुणिले एकूण पायऱ्या) इतकी येते. 24 बिटांत, नियर प्लेन 0.1 मीटर असताना, 1000 मीटरवर ती 60 सेंटीमीटर भरते. जमिनीवर 3 सेंटीमीटर उचललेला रस्ता त्यात हरवणारच. नियर 1 मीटर केलं की 6 सेंटीमीटर, वर थोडा डेप्थ बायस (अंतरात हाताने दिलेली सूट) दिला की भागतं. 16 बिटी बफरवर मात्र नियर 1 असूनही 15 मीटर! फार प्लेन (दूरची मर्यादा) अलीकडे आणण्याचा जवळजवळ उपयोग नसतो, तरी लोक आधी तेच करतात. नियर वाढवल्याने हातातली वस्तू कापली जात असेल तर तिला वेगळा कॅमेरा द्या.

जमीन धूसर राहून हळूहळू स्पष्ट होत असेल तर मेमरी कमी पडते आहे. 2048 × 2048 चं साधं टेक्स्चर मिपमॅपसह 21 एमबी घेतं, डीएक्सटी 1 या दाबलेल्या स्वरूपात तेच 2.7 एमबी. थरांची टेक्स्चर खुशाल दाबा. कंट्रोल मॅप मात्र दाबू नका. डीएक्सटी 4 × 4 च्या ठोकळ्यांत काम करतं, आणि कंट्रोल मॅपचा एक पिक्सेल जमिनीवर मीटरभर असेल तर माती-गवताच्या सीमेवर चार-चार मीटरचे चौकोन उमटतात. त्याच मॅपची एसआरजीबीची (हे रंगाचं चित्र आहे असं सांगणारी) खूणही काढून टाका, नाहीतर थर मिसळतात तिथे जमीन काळपट दिसते.