सर्व्हो मोडीत काढण्याआधी

रिमोटवरची गाडी सुसाट पळते, पण वळत नाही. किंवा उभ्या गाडीची पुढची चाकं उगाच थरथरतात. असं झालं की पहिला आळ स्टिअरिंगच्या सर्व्होवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या मोटरच्या डबीवर, येतो. आमच्याकडे दुरुस्तीला ‘मेला’ म्हणून आलेले कितीतरी सर्व्हो टेबलावर लावताच नीट फिरतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, असला हा प्रकार. म्हणून आधी घरीच थोडं तपासा.

गाडी एखाद्या डब्यावर ठेवा, चाकं अधांतरी राहू द्या. आधी ट्रान्समीटर (हातातला रिमोट) चालू करा, मग गाडी. बंद करताना उलटा क्रम.

आता सर्व्होच्या हॉर्नला, म्हणजे त्याच्या शाफ्टवर फिरणाऱ्या छोट्या हाताला, जोडलेली लिंकेजची (चाकांकडे जाणारी) दांडी सोडवा आणि स्टिअरिंग फिरवून पाहा. हॉर्न मोकळेपणी दोन्हीकडे गेला, तर सर्व्हो निर्दोष आहे. मग चाकं हाताने डावी-उजवी करा. कुठे अडतात? सांध्यात वाळू, जास्त आवळलेला स्क्रू किंवा वाकलेली दांडी सापडेल. चाकं ढिली वाटत असतील तर सर्व्हो सेव्हरची स्प्रिंग पाहा. धक्का बसला तर गिअर वाचावेत म्हणून तो असतो. फारच सैल झाला की सर्व्हो फिरतो आणि चाकं जागची हलत नाहीत.

दांडी सोडवूनही हॉर्न हलत नसेल, तर सर्व्होला कान लावा. आतली मोटर घरघरते पण हॉर्न जागेवरच, म्हणजे गिअरचे दाते गेले. बऱ्याच सर्व्होंसाठी गिअरचा संच वेगळा मिळतो. उघडताना प्रत्येक दातेरी चाकाचा फोटो काढा, नाहीतर कोणतं कशावर बसत होतं हे आठवत नाही. हॉर्न फक्त सरळ रेषेच्या आसपास थरथरत असेल, तर हॉर्न कुठे आहे ते ओळखणारा आतला पोटेंशिओमीटर तिथे झिजलेला असू शकतो. गाडी जास्त वेळ सरळच धावते ना! आणि दांडी जोडलेली असताना पूर्ण वळणावर सतत गुणगुण येत असेल, तर चाकं टेकल्यावरही सर्व्हो ढकलतोय. ट्रान्समीटरवर एंडपॉइंट (हॉर्न किती फिरेल ती मर्यादा) कमी करा. हे राहिलं तर मोटर तापून जळते.

काहीच आवाज नाही? गाडीतल्या रिसीव्हरचा, म्हणजे रिमोटचा संदेश घेणाऱ्या भागाचा, दिवा पाहा. त्यात सर्व्होचा प्लग उलटा लागला असेल तरी सर्व्हो गप्प बसतो. मधली तार प्लसची असल्याने त्यात सहसा जळत नाही, फक्त चालत नाही. हाताशी दुसरा चालू सर्व्हो असेल तर तो त्याच जागी लावा. तोही गप्प राहिला, तर दोष रिसीव्हरचा किंवा बॅटरीचा व्होल्टेज उतरवून त्याला वीज देणाऱ्या बीईसी सर्किटचा. वेग घेताना स्टिअरिंग मरगळत असेल तरी बीईसीवरच संशय घ्या.

व्होल्टेजची चूक मात्र महागात पडते. साधा सर्व्हो ४.८ ते ६ व्होल्टवर चालतो. पूर्ण भरलेली दोन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी ८.४ व्होल्ट देते. ती थेट जोडलीत तर आतला सर्किट बोर्ड जळतो आणि तो दुरुस्त करण्यात आम्हालाही अर्थ वाटत नाही.

नवा हॉर्न घेताना सर्व्होच्या शाफ्टचे दाते मोजा: २३, २४ की २५. जवळपासचा चालेल म्हणून ठोकून बसवलेला हॉर्न पहिल्याच धडकेत शाफ्टवर घसरतो.

इतकं करूनही अडलं तर सर्व्हो हॉर्नसकट पाठवा. बॅटरी किती सेलची होती आणि शेवटची धाव पाण्यातून झाली होती का, हे चिठ्ठीवर लिहा. लायपो मात्र पाकिटात घालू नका.