हिशेबाच्या फायलींमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनने शोध : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या प्रणालीतून निघणारी बिले, गाडीपावत्या आणि येण्या-देण्याच्या नोंदी साध्या टेक्स्ट फायलींमध्ये साठवल्या जातात. आता या फायलींमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन देऊन शोध घेण्याची सोय आम्ही केली आहे. नेहमीच्या शोधात टाइप केलेली अक्षरे जशीच्या तशी हुडकली जातात, तर रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये हव्या असलेल्या मजकुराचा साचा, म्हणजे पॅटर्न, द्यावा लागतो. गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही कल्पना केन थॉम्पसन यांनी १९६८ साली मजकूर शोधण्यासाठी वापरली आणि पुढे युनिक्स या संगणकप्रणालीवरील ग्रेप या शोधाच्या प्रोग्रॅममुळे तिचा वापर वाढला. या पत्रकात सर्व पॅटर्न देवनागरीत छापले आहेत. आपल्या फाइलमध्ये मजकूर ज्या लिपीत आणि आकडे ज्या पद्धतीचे असतील, त्याच पद्धतीने पॅटर्न टाइप करावा.

कोल्हापूर पासिंगच्या गाडीचा क्रमांक एक कारकून ‘एमएच-०९’ असा लिहितो, दुसरा ‘एमएच ०९’ असा, तर तिसरा ‘एमएच०९’ असा सलग लिहून मोकळा होतो. एमएच[- ]?०९ हा एकच पॅटर्न या तिन्ही नोंदी शोधून देतो, कारण चौकोनी कंसातील चिन्हांपैकी कोणतेही एक चालते आणि कंसानंतरच्या प्रश्नचिन्हामुळे ते नसले तरी चालते. रकमा शोधताना मात्र टिंबाकडे लक्ष असावे. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये टिंब म्हणजे कोणतेही एक चिन्ह, त्यामुळे १२.५० असा पॅटर्न दिल्यास ‘१२५५०’ आणि ‘१२-५०’ याही नोंदी समोर येतात. खरेच टिंब हवे असेल, तर त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ देऊन १२\.५० असे लिहावे.

मराठी मजकुराच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते, आणि आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक शंका याच ठिकाणच्या असतात. मार्केट यार्डातील अडत दुकानाच्या फाइलमध्ये ‘गूळ’ हा शब्द शोधला, तर ‘गुळाचे रवे’ आणि ‘गुळाची पट्टी’ या नोंदी सुटतात, कारण विभक्ती लागताना ऊकार ऱ्हस्व होतो. तेथे (गूळ|गुळ) असा पॅटर्न द्यावा; उभी रेघ म्हणजे ‘हे किंवा ते’. ‘शाहूपुरी’ आणि ‘शाहुपुरी’ ही दोन्ही लेखने एकाच वेळी हवी असतील, तर शा(हू|हु)पुरी असा पॅटर्न लिहावा. येथे गोल कंसाऐवजी चौकोनी कंस घालून शा[हूहु]पुरी असे लिहिल्यास दोन्हींपैकी एकही नोंद सापडत नाही. संगणकाच्या लेखी ‘हू’ हे एक अक्षर नसून ‘ह’ आणि त्यामागचा उकार अशी दोन स्वतंत्र चिन्हे आहेत, आणि चौकोनी कंस त्यांतले एकच चिन्ह जुळवतो; उरलेल्या चिन्हापाशी शोध अडतो.

याच कारणामुळे ‘पूर्ण शब्दच शोधा’ हा पर्याय मराठी मजकुरासाठी बंद ठेवावा, असे आमचे मत आहे. अनेक प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये काना, मात्रा, वेलांटी ही चिन्हे शब्दाचा भाग मानली जात नाहीत, म्हणून शब्दाची सीमा भलत्याच ठिकाणी धरली जाते. शिवाय ‘शिरोळला’, ‘शिरोळच्या’ अशी रूपे आपल्याला हवीच असतात. केवळ ‘शिरो’ एवढ्यावर मात्र थांबू नये. शिरोळ आणि शिरोली या दोन्ही गावांच्या नोंदी एकत्र होतात.

शोधामुळे फाइलमध्ये काहीही बदलत नाही, त्यामुळे पॅटर्न निःशंकपणे तपासून पाहावेत. ‘शोधा आणि बदला’ वापरण्यापूर्वी फाइलची प्रत काढून ठेवावी आणि सापडलेल्या ओळी आधी डोळ्यांखालून घालाव्यात.

युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिपींतील चिन्हांना ठरावीक संकेत देणारी प्रमाण पद्धत, रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या जुन्या फायलींवर यांपैकी कोणताही मराठी पॅटर्न चालणार नाही, कारण पडद्यावर मराठी दिसत असली तरी आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात. अशा फायली प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित कराव्या लागतात. त्यासाठी मूळ फाइलची प्रत, वापरलेल्या फाँटचे नाव आणि छापील बिलाचा एखादा नमुना घेऊन आमच्या कार्यालयात यावे, म्हणजे रूपांतर झालेला मजकूर छापील बिलाशी ओळीला ओळ ताडून पाहता येईल.